तुम्ही विचारलंत म्हणून: हे जुने खांब आणि चिरे (जांभ्या दगडाचे घडवलेले ठोकळे) कुठून आणले?

आमच्या वाडीत येणारा जवळजवळ प्रत्येक जण पडवीतल्या खांबावरून हात फिरवतो आणि विचारतो, हे कुठे विकत मिळतात हो? म्हणून एकदा सविस्तर लिहिते. विकत काहीच घेतलेलं नाही. हे सगळं आमच्याच पणजोबांच्या घराचं आहे, जे याच वाडीत विहिरीच्या वरच्या अंगाला होतं. दापोली तालुका, घर बरीच वर्षं बंद, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यात छप्पर उडालं. जांभ्याच्या भिंती दणकट असतात पण आमच्या घराच्या चुन्याऐवजी मातीत रचलेल्या होत्या, छप्पर गेलं की पाऊस वरून सांध्यात शिरतो आणि माती धुऊन नेतो, आणि आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, मग काय, पुढच्या पावसाळ्यांत भिंती बसत गेल्या.

जेसीबी लावून सपाट करा म्हणणारे खूप होते. जुन्या सामानाचे व्यापारी दरवाजा आणि खांब बघून गेले, भावही बरा देत होते. पण मग ते खांब कुठल्यातरी हॉटेलच्या लॉबीत उभे राहिले असते, कशालाही आधार न देता. मला ते पटेना. चुलत भावंडांना फोन केले, सगळ्यांनी हो म्हटलं, आणि ठरलं की वाडीतलं वाडीतच लावायचं, तेही कामाला.

हे जमलं कारण जुनं घर सोडवता येतं. मातीतला किंवा चुन्यातला चिरा हलक्या हाताने ठोकला की सुटतो, तासून साफ केला की परत वापरायला तयार. सिमेंटात बसवलेला काढायला गेलात तर सांधा तसाच राहतो आणि चिरा फुटतो. शिवाय जांभा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, हवा लागून कडक होत जातो, त्यामुळे पणजोबांच्या वेळचा, कुऱ्हाडीच्या खुणा असलेला चिरा आज खणखणीत आहे. लाकडाचंही तसंच. खांब-तुळयांचे जोड कूस आणि खाचेचे, वर लाकडी खुंटी. आमच्या सुतारदादांनी खुंट्या ठोकून बाहेर काढल्या आणि अख्खा सांगाडा उतरवला. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं ओल आणि वाळवीने गेलेली, मधलं लाकूड मात्र उत्तम, म्हणून टोकं कापून टाकली आणि उरलेल्या लाकडाच्या दारा-खिडक्यांवरच्या पाट्या केल्या. फणसाचे खांब पडवीत, त्यांच्याच काळ्या दगडाच्या तळखड्यांवर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडांवर. लहान-मोठे तुटके चिरे गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला.

मंगळुरी कौलं थोडीच वाचली. त्यांच्यावर बासेल मिशनच्या मंगळूरच्या कौल-कारखान्याचा शिक्का आणि १८६५ साल आहे, ते बघून लोक म्हणतात घर त्या सालचं, पण ते कारखाना सुरू झाल्याचं साल, कौल नंतरचंही असू शकतं. फुटकी कौलं कुटून त्याची सुरखी केली आणि चुन्यात घातली, सुरखीने चुना ओलीतही धरतो. नवं बांधकाम चुन्यातच केलं कारण जांभा पाणी पितो, चुन्याच्या सांध्यातून ती ओल निघून जाते, सिमेंटचा गिलावा तिला आत कोंडतो आणि मग खारी हवा आणि मीठ मिळून दगड पोखरतात.

तुमच्याकडेही पडकं घर असेल तर कृपा करून कशालाही हात लावायच्या आधी फोटो काढा, माप घ्या, खांब-तुळयांवर नंबर घाला आणि कोणती वस्तू कुठे होती ते कागदावर मांडा. एकदा ढीग झाला की माजघराचा खांब कोणता आणि ओटीचा कोणता हे कुणालाच सांगता येत नाही. आणि एक गोष्ट मी फार आग्रहाने सांगते, रानात वीरगळ (लढताना पडलेल्या वीराची स्मारकशिळा) किंवा सतीशिळा (सती गेलेल्या बाईची) दिसली तर ती पायरीला किंवा बागेत शोभेला आणू नका. १०० वर्षांवरची शिल्पं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, पण कायदा बाजूला ठेवा, ती शिळा ज्या माणसासाठी उभी केली त्याच्या गावात तिने उभं राहायला हवं. संरक्षित किल्ल्यांच्या ढासळलेल्या दगडांनाही हात लावायचा नाही, 'पडलेलेच तर आहेत' म्हणत कितीतरी तट गावोगावच्या गोठ्यांत गेले.

जुन्या घराचं जोतं, म्हणजे खालचा चौथरा, मात्र आम्ही हलवलं नाही. घडीव दगडाचं, पाण्याचा निचरा उत्तम, दिवसभर ऊन. उन्हाळ्यात तिथे सोलं (कोकमाची सालं) आणि आंबापोळी वाळते, एका कडेला उंबरठ्याचा दगड अजून जागच्या जागी आहे आणि घर कुठून सुरू व्हायचं ते पोरांना दाखवता येतं.

खर्च कमी आला का, हेही विचारतात. सामानाचा आला, मजुरीचा नाही. चिरा सोडवून साफ करायला वेळ लागतो, चुना आधी भिजवून मुरवावा लागतो, आणि चुन्यात काम करणारे गवंडी आता शोधावे लागतात. आमच्या गवंडीकाकांनी हे काम वडिलांकडून शिकलेलं, त्यांच्या हाताखाली गावातली दोन मुलं होती, त्यांना आता शेजारच्या गावातून एका देवळाच्या ओवरीचं (आवारातल्या ओसरीचं) काम मिळालंय.