फोटो कॉपी होणारच, म्हणून मी काय हातात ठेवते

मी पक्ष्यांचे फोटो काढते आणि त्यातले बरेचसे ऑनलाइन टाकते. त्यामुळे एक प्रश्न मला सारखा विचारला जातो: ‘हे फोटो कोणी कॉपी करू नयेत म्हणून तुम्ही काय करता?’

तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगते. कॉपी थांबवायला मी काहीच करत नाही, कारण ती थांबत नाही. फोटो स्क्रीनवर दिसतो तेव्हाच त्याची एक प्रत बघणाऱ्याच्या फोनमध्ये उतरलेली असते. राइट-क्लिक बंद केलंत, फोटोवर पारदर्शक थर चढवलात, तरी स्क्रीनशॉट घेता येतोच. त्यात वेळ घालवू नका.

माझा सगळा भर मूळ फाइल हातची न सोडण्यावर असतो. माझ्या कॅमेऱ्यातून ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो निघतो. ऑनलाइन टाकताना मी तो १२०० बाय ८०० करते, म्हणजे मूळ पिक्सेलांपैकी जेमतेम ४ टक्के. फोनवर तो छानच दिसतो. छापायला घेतला, तर इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशोबाने त्याची रुंदी ४ इंच भरते. मूळ फोटोची २० इंच. चांगलं कॅलेंडर किंवा पोस्टर छापायचं असेल त्याला माझ्याकडे यावं लागतं. हल्ली एआय वापरून लहान फोटो मोठा करता येतो हे खरं, पण त्यात पिसांचे बारकावे अंदाजाने भरलेले असतात आणि पक्षी रोज बघणाऱ्याच्या नजरेला ते खटकतात.

दुसरं म्हणजे, टाकण्याआधी मी फोटोच्या कडा थोड्या कापते. माझ्याकडे खंड्याचा एक फोटो आहे. मासा फांदीवर आपटून झाल्यावर तो तिथेच बसलाय. मूळ फोटोत फांदीच्या खालच्या टोकाला माशाचे दोन खवले चिकटलेले दिसतात; ऑनलाइन टाकलेल्या फोटोत फांदीचा तो तुकडाच नाही. वाद झालाच तर खवले दाखवायचे. सोबत रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने नोंदवलेली कच्ची फाइल असते आणि त्याच्या आगेमागे काढलेल्या फ्रेम असतात. चोरणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं.

वॉटरमार्कवर, म्हणजे फोटोवर उमटवलेल्या नावावर किंवा खुणेवर, लोकांचा फार विश्वास. कोपऱ्यातलं नाव सहज कापलं जातं. मधोमध टाकलं तरी, २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवलं की एकच वॉटरमार्क जसाच्या तसा खूप फोटोंवर असेल, तर संगणक ते फोटो एकमेकांशी ताडून तो ओळखतो आणि पुसतो. प्रत्येक फोटोत अक्षरांना किंचित वेगळा बाक दिला की हे काम अवघड होतं, असंही त्यांनीच दाखवलं. मी लहानसं नाव टाकते, ते प्रामाणिक माणसाला फोटो कोणाचा हे कळावं म्हणून.

फाइलच्या आतही मी नाव आणि संपर्क भरते. बऱ्याच सोशल मीडियावर अपलोड करताना ही माहिती गळून जाते, पण फाइल थेट कोणाला पाठवली तर टिकते. जीपीएसची नोंद मात्र मी न चुकता काढून टाकते. घरट्याचा फोटो जागेसकट बाहेर गेला की तिथे माणसांची रीघ लागते, आणि पक्षी घरटं सोडून जाऊ शकतो. फोटो चोरीला जाण्यापेक्षा मला हीच धास्ती जास्त वाटते.

कॉपीराइटची नोंदणी लागते का, असंही विचारतात. १८८६ साली झालेल्या बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराच्या देशांत फोटो काढला की त्याचा कॉपीराइट आपोआप तुमचा होतो. काही देशांत कोर्टात जायचं असेल तर आधी नोंदणी मागतात, एवढंच.

आणि चोरी झालीच तर? टिनआय या फोटो शोधणाऱ्या साइटवर किंवा गूगलवर आपला फोटो टाकून तो आणखी कुठे आहे हे शोधता येतं. सापडला की मी आधी स्क्रीनशॉट घेते, त्यात वेबपानाचा पूर्ण पत्ता आणि तारीख दिसेल असा. आधीच पत्र लिहिलं तर पान गायब होतं आणि हातात पुरावा राहत नाही. मग त्या व्यक्तीला साधं पत्र, आणि उत्तर आलं नाही तर त्या साइटकडे कॉपीराइटची तक्रार. एखाद्या मुलीने शाळेच्या प्रकल्पात वापरला असेल तर फक्त खाली नाव घाल म्हणते. विकायच्या वस्तूवर छापलेला दिसला, तर बिल पाठवते.