सगळ्यांचे वीस

मंगळवार, रात्री साडेदहा

आज वॉर्डात अब्रू गेली, आणि जायलाच हवी होती.

सकाळी मेडिकल वॉर्डातल्या अठरा पेशंटचे टीपीआर (टेंपरेचर, पल्स आणि रेस्पिरेशन, म्हणजे श्वास) घ्यायचे होते. टेंपरेचर घेतलं, पल्स मोजली आणि रेस्पिरेशनच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २० लिहून मोकळी झाले. आपण खोटं लिहितोय असं मनातसुद्धा आलं नाही. पहिल्या पोस्टिंगपासून हेच बघत आलेय. मोठ्या माणसाचं नॉर्मल मिनिटाला १२ ते २०, त्यामुळे वीस लिहिलं की कुणी विचारत नाही.

आमच्या नर्सिंगच्या मॅडमनी विचारलं. शीटवरून बोट खाली आणत म्हणाल्या, "अठरा जण एका लयीत श्वास घेतायत? वॉर्ड आहे का भजनी मंडळ?" मागे ज्युनिअर मुली खुसखुसल्या.

मग मला नऊ नंबरच्या आजींकडे नेलं. "मोज. पण श्वास मोजतेयस हे त्यांना कळता कामा नये." कळलं की माणसाचा श्वास आपोआप बदलतो. म्हणून पल्स झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर तेवढी छातीकडे न्यायची. आजी नऊवारीत, अंगभर पदर घेतलेला. छाती हलतेय का तेच दिसेना. शेवटी पदराची एक चुणी सापडली, ती वर-खाली होत होती. तिच्यावरच डोळे लावले. पूर्ण एक मिनिट. (माझी सवय पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची. त्यात एक श्वास हुकला की हिशोबात चार हुकतात.)

अठ्ठावीस. परत मोजले, अठ्ठावीसच.

"आता हात न लावता नुसतं बघ," मॅडम म्हणाल्या. बघायला लागले तर काय काय दिसलं! पाठीशी दोन उशा, त्यावर घरून आणलेली गोधडी घडी घालून. मानेची शीर टरारलेली. जोडवी बोटांत रुतलेली. नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून उचलला, तर खड्डा तसाच, म्हणजे अंगात पाणी साठलेलं.

"आजी, रात्री आडवं पडता येतं का?"

"कुठलं गं पोरी. तीन राती बसूनच काढल्या. कुणी इचारलं तर सांगू ना."

इन्चार्ज सिस्टरना सांगितलं, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन बघितलं, डॉक्टर आले, ऑक्सिजन आणि लघवी होण्याचं इंजेक्शन सुरू झालं. ड्युटी सुटताना मुद्दाम जाऊन मोजले: २४. हे मात्र खरेखुरे मोजलेले.

डोक्यातून जात नाहीये ते एवढंच, की सकाळी आठला याच आजींचं मनगट मी हातात धरलं होतं. अर्धा मिनिट. आणि बघत होते घड्याळाकडे. इन्स्पेक्शन (बघणं), पाल्पेशन (हाताने दाबून बघणं), पर्कशन (बोटाने ठोकणं), ऑस्कल्टेशन (स्टेथोस्कोपने ऐकणं), तपासणीचे चारी शब्द व्हायव्हात, तोंडी परीक्षेत, धडाधड म्हणते मी. त्यातलं पहिलं, नुसतं बघणं, फुकटचं वाटत होतं.

पर्कशन मात्र मला आवडतं. ऑस्ट्रियाचे डॉक्टर औएनब्रुगर यांनी ते 1761 मध्ये लिहून ठेवलं. त्यांच्या वडिलांची खानावळ होती, आणि पिंपात दारू कुठवर आहे ते ठोकून कळतं हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं म्हणे. आमची आई मडकं वाजवून घेते, तीच विद्या. डाव्या हाताचं मधलं बोट सपाट टेकवायचं, त्याच्या टोकाच्या सांध्यावर उजव्या हाताच्या मधल्या बोटाने टकटक, आणि हलवायचं मनगट, कोपर नाही. फुफ्फुसावर पोकळ वाजतं, यकृतावर बद्द. गेला आठवडाभर रूममेटच्या पाठीवर रियाज चालू आहे. ती म्हणते, दार वाजवल्यासारखं वाटतं, आत कोण आहे ते तरी सांग.

उद्या पोटाचं डेमॉन्स्ट्रेशन आहे. तिथे क्रम बदलतो: बघून झालं की आधी स्टेथोस्कोप, मग ठोकणं, हाताने दाबणं सगळ्यात शेवटी. आधीच दाबलं तर आतडी चाळवतात आणि आवाज बदलतात. स्टेथोस्कोपची चकती तळहातावर घासून कोमट करायची. आणि नखं कापायला हवीत, आत्ताच. नेलकटर परत कुणीतरी नेलंय.