गेरूखालचे फोड

आजी आत आल्या त्या गेरूनं माखलेल्या. दोन्ही दंड, पोट, मांड्या लालभडक, आणि त्या लेपाखालून बोराएवढे फोड वर आलेले. सोबत सून, नातू आणि भावकीतला एक माणूस. मे महिन्यात माझ्या लातूरच्या दवाखान्यात सकाळी अकरालाच बाकं भरलेली असतात, पण आजींना बघून माणसं आपसूक सरकून बसली.

"मॅडम, नागीण हाय. दोन्ही अंगांनी निघालीय. तोंड-शेपूट जुळायच्या आत कायतरी करा," भावकीतला माणूस म्हणाला.

नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस जातो, ही समजूत औशा-निलंग्याकडं अजून पक्की आहे. खरी नागीण एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, अंगाच्या एकाच बाजूला उठते आणि बहुधा मध्यरेषेपाशी थांबते. इथं फोड दोन्हीकडं होते. ते बघून घरच्यांच्या पोटात गोळा आला होता, आणि त्याच कारणानं मी मनातल्या मनात नागीण खोडून टाकली.

कंपाउंडरनं सलाइनच्या बोळ्यांनी गेरू हळूहळू उतरवला. पाऊण तास गेला. खाली फोड टणक, आतलं पाणी स्वच्छ, एक-दोनांत रक्ताची झाक. शेजारच्या कातडीवर अंगठा दाबून घसटलं तर ती सुटली नाही. तोंड उघडायला लावलं, आत एकही व्रण नाही. माझा संशय पेम्फिगॉइडवर गेला.

"कसं वाटतंय आजी?"

"आग होलालीय. अन् बघा की, भाकरीवानी टम्म फुगलेत."

मी वीस वर्षं हा आजार विद्यार्थ्यांना आणि नातेवाइकांना समजावते आहे, पण ही उपमा मला सुचली नव्हती. तव्यावरून काढून आरावर टाकलेली भाकरी फुगते तेव्हा तिचा पापुद्रा अख्खा वर येतो आणि जाड भाग खाली राहतो. कातडीचंही तसंच. वरची बाह्यत्वचा अंगावर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच. तिच्याखाली जाड अंतस्त्वचा. या दोघींच्या मध्ये एक पडदा असतो, इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे थर वेगळे ओळखूच येत नाहीत. बाह्यत्वचेच्या तळाच्या पेशी या पडद्याला जागोजागी टाके घातल्यासारख्या धरून असतात. त्या टाक्यांतलं एक प्रथिन म्हणजे सतरा क्रमांकाचं कोलॅजन. शरीराची संरक्षण यंत्रणा बिथरून त्याच्यावरच उलटली की टाके उसवतात, फटीत पाणी साचतं आणि पापुद्रा वर येतो.

याचा भाऊबंद वाटणारा आजार म्हणजे पेम्फिगस. त्यात पापुद्राच आतल्या आत फाटतो, पेशी एकमेकींपासून सुटतात. म्हणून त्याचे फोड लिबलिबीत, लगेच फुटणारे, आणि तोंडात बहुधा आधी. १९५३ पर्यंत हे दोन्ही एकाच नावाखाली मोडत. त्या वर्षी त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लेव्हर यांनी, फट नेमकी कुठल्या पातळीवर पडते ते बघून, पेम्फिगॉइड वेगळा काढला. स्टेरॉइड येण्याआधी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. पेम्फिगॉइडचं तसं नव्हतं.

"खाज कधीपासून आहे?" मी विचारलं.

"हुरड्याच्या दिवसांपासून," सून म्हणाली. "तुमच्याकडंच आलो होतो की."

तिनं पिशवीतून फेब्रुवारीतला कागद काढला. अक्षर माझंच. खरूज. घरातल्या सगळ्यांनी रात्री गळ्यापासून पायापर्यंत औषध लावायचं, कपडे-गोधड्या गरम पाण्यात धुवायच्या. पेम्फिगॉइडमध्ये फोडांच्या आधी कित्येक आठवडे, कधी महिने नुसती खाज असते आणि अंगावर पित्तासारख्या गांध्या उठतात, हे मला पाठ आहे. पण त्या दिवशी गर्दी होती आणि नातवालाही खाज सुटली होती. सत्तरीच्या पुढच्या बाईच्या जुन्या खाजेत मी खरजेच्या पुढं गेलेच नाही.

आता तपासणीसाठी कातडीचे तुकडे दोन काढायचे होते. ताज्या लहान फोडाच्या कडेचा फॉर्मॅलिनमध्ये, आणि फोडाला लागून असलेल्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा सलाइनमध्ये. त्या दुसऱ्यावर प्रकाशणाऱ्या रंगानं प्रतिपिंडं शोधतात, आणि फॉर्मॅलिननं प्रथिनं बदलतात म्हणून तो त्यात बुडवायचा नसतो. मी दोन्ही काढले, टाके घातले, आणि सवयीनं दोन्ही फॉर्मॅलिनच्या एकाच बाटलीत टाकले. झाकण लावताना लक्षात आलं.

"आजी, आणखी एक घ्यावा लागतोय. चूक माझीच झाली."

"घ्या," त्या म्हणाल्या. "कातडं काय, उतूच चाललंय."

इकडं ही तपासणी होत नाही. सलाइनमधला तुकडा साधारण एका दिवसाच्या आत प्रयोगशाळेत पोचला तर बरा. नातू पुण्याला शिकतो. बाटली पिशवीत घालून तो त्याच रात्री ट्रॅव्हल्सनं निघाला, आणि पहाटे स्वारगेटवरून त्यानं बाटलीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'सांडली नाही.'

अहवाल पाचव्या दिवशी आला. दोन थरांच्या सीमेवर हिरवी, सरळ, अखंड रेघ. आयजीजी हे प्रतिपिंड आणि सी-३ हे संरक्षण यंत्रणेचं प्रथिन, दोन्ही हजर. फॉर्मॅलिनवाल्या तुकड्यात पापुद्रा पूर्ण वर आलेला, खाली फटीत इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी. माझा अंदाज बरोबर निघाला. फेब्रुवारीतला असता तर बरं झालं असतं.

मधल्या दिवसांत मी सुनेकडून गोळ्यांची पिशवी मागवली होती. साखरेची गोळी दिवाळीनंतर बदललेली. तिच्यात व्हिल्डाग्लिप्टिन होतं. या जातीच्या औषधांनी काही जणांत पेम्फिगॉइड उठतो, हे आता बऱ्यापैकी पक्कं आहे, आणि पेटंट संपल्यावर ही गोळी इतकी स्वस्त झाली की खेडोपाडी पोचली. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दुसरी लिहून दिली. आजींना मधुमेह, त्यात पोटातून स्टेरॉइड दिलं तर साखर भडकणार. म्हणून अंगाला कडक स्टेरॉइडचं मलम आणि जोडीला डॉक्सीसायक्लिन. मलम एवढं लागतं की रोज जवळजवळ एक ट्यूब संपते. मुलगा शेवटी मेडिकलवाल्याशी घाऊक भाव ठरवून आला.

तीन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा नवा फोड नव्हता. जुन्या जागी गुलाबी-तपकिरी डाग, पण वण नाहीत. फट एवढ्या वर पडते की खालची कातडी शाबूत राहते. आजी खुर्चीवर टेकून बसल्या होत्या, खाजवत नव्हत्या.

निघताना सून दारातून परत वळली.

"मॅडम, ते खरजेचं औषध दोन बाटल्या राहिलंय. लावू का अजून?"

"फेकून द्या. ती खरूज नव्हतीच."

ती जरा थांबली. "मग आमी सगळ्यांनी कामून लावलं?"