जागा कुणाला किती? आझाद मैदान ते नेरुळ, मुंबईच्या मोठ्या सामन्यांच्या वाटेवर

मुंबईत मोठे सामने कुठेकुठे झाले हे बघायला निघालं, की अर्धा प्रवास पायी होतो आणि उरलेल्या अर्ध्याला हार्बर लोकल लागते. भारतातली पहिली कसोटी, १९८७ची उपांत्य फेरी, २००६ची चॅम्पियन्स ट्रॉफी, २०११चा विश्वचषक, हे सगळं सीएसएमटी आणि मरीन ड्राइव्हच्या मधल्या पट्ट्यात घडलं. २००८ नंतर बरंच काही खाडी ओलांडून नेरुळला गेलं. मैदानं अशी का सरकत गेली याचं उत्तर आम्हाला जवळपास प्रत्येक ठिकाणी एकच मिळालं: बसायच्या जागा कुणाला किती, यावरचं भांडण. क्रिकेट त्याच्या मागोमाग गेलं.

सुरुवात रविवारी सकाळी करावी. सीएसएमटीच्या भुयारी मार्गातून महापालिकेच्या बाजूला वर आलं की समोर आझाद मैदान. मैदानाचा एक कोपरा आंदोलनांसाठी राखून ठेवलेला असतो. मोठा मोर्चा असेल तर पोलीस ती बाजू बंद करतात आणि मग मैदान आरपार ओलांडता येत नाही, महात्मा गांधी रोडने वळसा पडतो. एरवी मधल्या पायवाटेने जावं. एका सामन्याचा डीप मिडविकेट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपजवळ उभा असतो, त्यामुळे चेंडू कुठूनही येऊ शकतो. पायवाट सोडून खेळपट्टीवरून चालत गेलात तर दोन्ही संघांच्या शिव्या खाव्या लागतील आणि त्या रास्तच असतील.

मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना. १५ डिसेंबर १९३३ला इथे भारतीय भूमीवरची पहिली कसोटी सुरू झाली. भारताचे कर्णधार सी. के. नायडू, इंग्लंडचा डग्लस जार्डिन. इंग्लंड ९ गडी राखून जिंकलं, पण लक्षात राहिले ते लाला अमरनाथ: पदार्पणात ११८, भारताचं पहिलं कसोटी शतक. क्लब सभासदांचा आहे, ओळखीशिवाय आत सोडत नाहीत. कुंपणाबाहेरून हिरवळ आणि क्लबहाऊस दोन्ही नीट दिसतात, तेवढ्यावर समाधान मानावं. १९३३ साली हा क्लब गोऱ्यांचा होता. ज्या देशाची पहिली कसोटी इथे झाली, त्या देशाच्या माणसाला एरवी इथलं सभासदत्व मिळत नव्हतं. प्रेक्षकांसाठी तात्पुरते मांडव घातले होते. मोठ्या सामन्यांचं केंद्र व्हायचं तर शहराला पक्कं स्टेडियम हवं, हे त्यानंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

ते स्टेडियम बघायला फॅशन स्ट्रीटवरून क्रॉस मैदान ओलांडून चर्चगेटला यायचं. अंतर किलोमीटरच्या आसपास. आता मेट्रो ३ ची सीएसएमटी आणि चर्चगेट ही स्थानकं झाली आहेत, पण एवढ्या अंतरासाठी जमिनीखाली उतरून पुन्हा वर येण्यात वेळ वाचत नाही. उन्हाळ्यात थंडावा मिळतो, एवढंच.

ब्रेबॉर्न बाहेरून स्टेडियम वाटतच नाही. वीर नरिमन रोडवरून चालताना खाली दुकानं-हॉटेलं आणि वर इमारत दिसते. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने समुद्रात भर घालून तयार केलेल्या जमिनीवर ते बांधलं. ७ डिसेंबर १९३७ला लॉर्ड टेनिसन यांच्या संघाविरुद्धच्या सामन्याने त्याचं उद्घाटन झालं. आणि पहिल्याच हंगामात जागांवरून भांडण पेटलं. धर्मावार संघांची बॉम्बे पंचरंगी स्पर्धा जिमखान्यावरून इथे आली, तेव्हा आपल्याला दिलेल्या जागा कमी आहेत म्हणून हिंदूंच्या संघाने त्या वर्षी स्पर्धेतून अंग काढून घेतलं. स्टेडियमचा रंग पुरता वाळला नसेल तेवढ्यात!

पुढची पस्तीस वर्षं मुंबईच्या कसोट्या इथेच झाल्या. १९७३नंतर मात्र ब्रेबॉर्नला पुढची कसोटी मिळायला २००९ साल उजाडलं. श्रीलंकेविरुद्धच्या त्या सामन्यात सेहवागने २९३ केल्या. मधल्या ३६ वर्षांत आसपासच्या चार गल्ल्यांत काय झालं, ते वानखेडेवर गेल्यावर कळतं. मोठ्या स्पर्धा मात्र ब्रेबॉर्नकडे परत आल्या. २००६च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात वेस्ट इंडीज १३८ धावांत संपली आणि ऑस्ट्रेलिया ८ गडी राखून जिंकलं. २०१३च्या महिला विश्वचषकाची गोष्ट जास्त बोलकी आहे. सामने वानखेडेवर ठरले होते, पण त्याच सुमारास रणजीचा अंतिम सामना तिथे होणार म्हणून विश्वचषकालाच हलवलं. रणजी हलवता आली नसती का, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. अंतिम सामना ब्रेबॉर्नवर झाला, ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजला ११४ धावांनी हरवलं. दहा वर्षांनी, २६ मार्च २०२३ला, पहिल्या महिला प्रीमियर लीगचा (डब्ल्यूपीएल) अंतिम सामना याच मैदानावर झाला आणि मुंबई इंडियन्स जिंकली.

ब्रेबॉर्नवर सामना बघायची संधी आली तर सोडू नका. साधारण २० हजारांचं मैदान, त्यामुळे सीमारेषा जवळ वाटते. क्लबहाऊसची बाजू सभासदांची असते, सामान्य तिकिटं मुख्यतः बाकीच्या स्टँडची. दुपारचा सामना असेल तर पश्चिमेकडे तोंड होईल अशी जागा घेऊ नका. शेवटचे दोन तास ऊन थेट डोळ्यांत येतं आणि टोपीनेही ते थांबत नाही.

ब्रेबॉर्नहून वानखेडे चालत दहा मिनिटांवर. एका शहरात, एका स्टेशनच्या दोन बाजूंना, दोन आंतरराष्ट्रीय स्टेडियम कशासाठी? तिकिटांसाठी. ब्रेबॉर्न क्लबच्या मालकीचं, सामने भरवणार मुंबई क्रिकेट संघटना, आणि संघटनेच्या वाट्याला किती जागा यावरून वर्षानुवर्षं कुरबूर. शेवटी बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी वेगळं स्टेडियम उभं करायचं ठरवलं. वास्तुरचना शशी प्रभूंची, आणि काम साधारण वर्षभरात उरकलं. जानेवारी १९७५मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली, क्लाइव्ह लॉइड नाबाद २४२. इतक्या घाईत बांधलेल्या मैदानाची किंमत पुढे प्रेक्षकांनी मोजली. अरुंद जिने, आडवे येणारे खांब आणि सिमेंटचे तापलेले बाक, हे २०११आधीच्या वानखेडेवर बसलेल्या कुणालाही विचारा.

१९८७च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी इथे झाली. ग्रॅहम गूचने स्वीप मारमारून ११५ केल्या, इंग्लंड ३५ धावांनी जिंकलं, आणि सुनील गावसकरांचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. २७ फेब्रुवारी १९९६ला विश्वचषकातला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना प्रकाशझोतात झाला, इथला पहिलाच. मार्क वॉ १२६, सचिन ९०, भारत १६ धावांनी हरला.

मग २०११. विश्वचषकासाठी मैदान नव्याने बांधलं, आणि आधी ४५ हजारांच्या घरात असलेली क्षमता ३३ हजारांवर आली. प्रत्येकाला खुर्ची, मोकळे जिने, वर ताणलेलं छत, हे सगळं हवं तर माणसं कमी होणारच. पण त्या ३३ हजारांतून संलग्न क्लब, आयसीसी आणि प्रायोजकांचा वाटा गेल्यावर अंतिम सामन्याची सर्वसामान्यांसाठी उरली जेमतेम ४ हजार तिकिटं. ज्या कुरबुरीतून हे स्टेडियम उभं राहिलं, तीच पुन्हा तिथे हजर! २ एप्रिलला श्रीलंका ६ बाद २७४, जयवर्धने नाबाद १०३. भारताने ४८.२ षटकांत ४ बाद २७७ केल्या, गंभीर ९७, धोनी नाबाद ९१. नाणेफेक दोनदा करावी लागली, कारण गोंगाटात पहिल्यांदा काय कौल दिला ते नीट ऐकूच आलं नाही. धोनीचा शेवटचा षटकार जिथे पडला ती जागा आता स्मारक म्हणून जपली आहे.

वानखेडेवर दिवस-रात्र सामना बघताना नाणेफेकीकडे जरा जास्त लक्ष द्यावं. खेळपट्टी लाल मातीची, त्यामुळे उसळी चांगली. मैदान समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे संध्याकाळी दिवे लागल्यावर नवा चेंडू पहिली दहा-बारा षटकं हवेत वळतो. २०२३च्या विश्वचषकात याचा पुरावा ओळीने मिळाला: इंग्लंड १७०, श्रीलंका ५५, दोन्ही दिव्यांखाली पाठलाग करताना. अफगाणिस्तानविरुद्ध ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१ झाली होती, तिथून मॅक्सवेलने एका पायावर नाबाद २०१ करून सामना काढला. तो अपवादच म्हणायचा. आणि ही सुरुवातीची षटकं टळली की चित्र उलटतं. दव पडायला लागलं की चेंडू ओला होतो, फिरकीपटूला पकड मिळत नाही. २०१६च्या टी-२० विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत भारताने १९२ केल्या, कोहली नाबाद ८९, तरी वेस्ट इंडीजने ७ गडी राखून पार केल्या, सिमन्स नाबाद ८२. म्हणजे ५० षटकांत आधी फलंदाजी बरी, २० षटकांत पाठलाग बरा, असा ढोबळ हिशेब. १५ नोव्हेंबर २०२३च्या उपांत्य फेरीत भारताने पहिला भाग बिनचूक केला: ३९७, त्यात कोहलीचं पन्नासावं एकदिवसीय शतक. नंतर शमीने ५७ धावांत ७ बळी घेतले.

प्रवेशाचं बघताना तिकिटावरचा गेट क्रमांक आधी वाचा, मग गल्ली निवडा. चुकीच्या गल्लीत शिरलात तर बॅरिकेडमुळे मधून पलीकडे जाता येत नाही, पुन्हा मुख्य रस्त्यावर येऊन वळसा घ्यावा लागतो आणि त्यात अर्धा तास सहज जातो. बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक, नाणी बाहेर ठेवावी लागतात. ठेवायला अधिकृत सोय असेलच याची खात्री धरू नका, रिकाम्या हाताने या. सामना संपल्यावर सगळी गर्दी चर्चगेटकडे लोटते. उलट दिशेने मरीन लाइन्सला चालत जावं असं वाटेल, पण चर्चगेटहूनच भरून आलेल्या गाडीत तिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. चर्चगेटला रांग मोठी असली तरी गाडी रिकामी लागते.

क्रिकेटबाहेरचा इतिहासही याच शहराचा, फक्त त्याच्या पाट्या दिसत नाहीत. १९५२ साली जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत झाली, आशियातली पहिलीच. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. चेंडूचा नेहमीचा टकटक आवाजच येईना, त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना वेगाचा अंदाज लागेना, आणि सातो एकेरीचा विजेता ठरला. खेळाची साधनंच त्यानंतर बदलली. १९८२चा हॉकी विश्वचषकही मुंबईचा: पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला ३-१ हरवलं, भारत पाचवा. अंधेरीच्या फुटबॉल मैदानावर तर जागांचं भांडण उलटं होतं. जून २०१८मध्ये भारत-चायनीज तैपेई सामन्याला अवघे २,५६९ प्रेक्षक आले. मग सुनील छेत्रीने व्हिडिओ करून लोकांना मैदानावर यायची विनंती केली आणि केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची तिकिटं संपली. इथे जायचं तर मेट्रो १ चं आझाद नगर स्थानक सोयीचं.

आता नेरुळ. सीएसएमटीला फलाट १ आणि २ वरून हार्बरच्या गाड्या सुटतात. पाटीवर पनवेल किंवा बेलापूर बघूनच चढा. गोरेगाव किंवा वांद्रे गाडी वडाळ्याला फुटून पश्चिमेकडे जाते आणि नवख्यांचा हमखास घोळ तिथेच होतो. तासाभराचा प्रवास. रविवारी दुपारी हार्बरवर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) असू शकतो, आणि अंतिम सामने नेमके रविवारीच असतात. आदल्या दिवशी जाहीर होणारं वेळापत्रक बघून ब्लॉकआधीची गाडी पकडावी. ठाण्याकडून येणाऱ्यांना ट्रान्स-हार्बर थेट नेरुळला आणते.

डी. वाय. पाटील स्टेडियम २००८चं. छताला आधाराचे खांब नाहीत, त्यामुळे कुठूनही पूर्ण मैदान दिसतं. जुन्या वानखेडेवर खांबाआडून सामने बघितलेल्यांना याची किंमत कळेल. क्षमताही वानखेडेहून बरीच जास्त. पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथे १ जून २००८ला शेवटच्या चेंडूवर संपला, राजस्थान जिंकलं. २०१७च्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत स्पेनने मालीला ३-१ हरवलं. २०२२मध्ये फुटबॉलचेच दोन अंतिम सामने झाले: महिला आशिया चषकात चीनने ०-२ वरून कोरियाला ३-२ हरवलं, आणि १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात स्पेनने कोलंबियाला १-० ने.

२०२५चा महिला क्रिकेट विश्वचषक इथे आला तो बंगळुरूचं मैदान ऐन वेळी रद्द झालं म्हणून. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ ने झाला. २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात भारत ७ बाद २९८, शफाली ८७. दक्षिण आफ्रिका २४६, दीप्तीचे ३९ धावांत ५ बळी. पावसामुळे दुपारी ३ चा सामना ५ ला सुरू झाला आणि संपेपर्यंत मध्यरात्र झाली. परतीचा पाऊस ऑक्टोबरअखेरीसही सोडत नाही, त्याच स्पर्धेतला भारत-बांगलादेश सामना इथेच वाहून गेला होता. त्यामुळे या दिवसांतलं तिकीट काढताना छताखालच्या मागच्या रांगा घ्या, पुढच्या रांगा भिजतात.

परतताना स्टेशनपर्यंत चालतच जा. सामना सुटल्यावर रिक्षावाले मीटरचं नाव काढत नाहीत आणि सायन-पनवेल महामार्गावरची कोंडी पाऊण तास हलत नाही. सामना लांबला तर शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा. आणि पहाटेपर्यंत थांबावंच लागलं तर दुसऱ्या दिवशी तीच लाइन शेवटपर्यंत पकडून पनवेलला जाता येईल. २००७चा कबड्डी विश्वचषक तिथे झाला होता, भारताने इराणला २९-२२ असं हरवलं होतं.