व्हायव्हाला मी काय विचारते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘मॅडम, व्हायव्हाला नक्की काय विचारता?’ हा प्रश्न बीएस्सी नर्सिंगची मुलं ही तोंडी परीक्षा जवळ आली की हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे: बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा.

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची काळजी कशी घ्याल? ‘दर दोन तासांनी पोझिशन बदलायची,’ हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. दोनच तास का, म्हटलं की गाडी अडते. अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रांत ९४२ जणांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दाट फोमच्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली, तरी बेडसोरच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. मग आपल्या वॉर्डातल्या दबलेल्या रेक्झिनच्या गादीवर पेशंटला चार तास तसंच ठेवायचं का? मुळीच नाही. पण का नाही, हे ज्याला सांगता आलं, त्याचा रिसर्चचा अर्धा पेपर माझ्या लेखी तिथेच सुटला.

बॅक केअरचंही तेच. लाल झालेली जागा चोळायची नाही, आतल्या पेशींना इजा होते, हे मार्गदर्शक सूचनांत कधीचं आलंय. तरी पावडर लावून जोरात चोळणारे हात दिसतातच. बेडसोरचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन स्केलचे ६ ते २३ गुण मुलं घडाघडा सांगतात; कमी गुणवाल्याला धोका जास्त की कमी, यावर मात्र गोंधळ.

आणि तो ग्रुप प्रोजेक्ट! ‘अमुक विषयावरील नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’. आधी चाचणी, मग शिकवणं, मग पुन्हा तीच चाचणी. गुण वाढतात. वाढणारच की! गुणांतला फरक निव्वळ योगायोग नाही ना, हे तपासणाऱ्या टी-टेस्टचं सूत्र मी विचारत नाही. तुलनेला दुसरा गट होता का? महिन्याभराने पुन्हा चाचणी घेतली असती तर? हात धुण्यावर शिकवलंत, तर नंतर कोण खरंच धुतं ते वॉर्डात उभं राहून पाहिलंत का? यावर बोलू लागलेल्या मुलाला मी थांबवत नाही, बाहेरून आलेले परीक्षक, आमचे एक्स्टर्नल, घड्याळ बघत असले तरी.

गाइडमधलंही विचारते, पण उरकून टाकते. तयारी करायचीच तर केस घेतलेल्या पेशंटची फाइल वाचा आणि पाठही बघा. टाचासुद्धा. त्या चादरीखाली राहून जातात.