अंगठीतला काळा डाग

ताईच्या साखरपुड्याचे शेकडो फोटो होते, पण एकातही अंगठी धड दिसत नव्हती. कुठे बोटावर नुसता पांढरा ठिपका, कुठे तीच धूसर. "दिवसभर फोटोच काढत असतोस, मग एवढं कर," म्हणत तिने अंगठी दोन दिवसांसाठी माझ्याकडे दिली. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम.

पहिला प्रयोग भर दुपारी, उन्हात. अंगठीचा पांढरा धातू फोटोत फटफटीत जळाला, खाली काळी कुळकुळीत सावली, आणि हिऱ्यात डोळे दिपवणारे दोन ठिपके. शेजारच्या भिंतीवर इंद्रधनुषी कवडसे मात्र सुंदर पडले होते. ते पाहण्यात दहा मिनिटं गेली, हे कबूल करतो.

मग आत आलो. खिडकीला पातळ पांढरा पडदा, खिडकीपासून हातभर अंतरावर टेबल, त्यावर करडा कागद. अंगठी सारखी लवंडायची, म्हणून खाली मेणाचा हरभऱ्याएवढा गोळा लावला. उजेड छान मऊ झाला, पण अंगठी एका बाजूने पिवळट, दुसऱ्या बाजूने निळसर. खोलीतला दिवा चालूच राहिला होता! उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका तो पिवळट. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण 2700 केल्विनचा, ढगाळ आभाळाचा 6500 च्या आसपास. कॅमेरा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगांची जुळवणी, एकाशीच जुळवणार. दिवा बंद केला, प्रश्न मिटला.

फोन अगदी जवळ नेला की तो गुपचूप वाइड लेन्सवर जायचा. अंगठीचं डोकं फुगायचं आणि फोनची सावली तिच्यावर पडायची. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची सोय, बंद केलं, मागे सरकलो, दुप्पट झूम घेतला. खड्यावर बोट दाबून फोकस लॉक केला आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं खाली ओढलं.

आता सगळं जमलं होतं, फक्त हिऱ्याच्या मधोमध एक काळा डाग. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो, म्हणून वाटीत कोमट पाणी आणि सौम्य साबण घेऊन मऊ ब्रशने अंगठी धुतली, पुसली. डाग तसाच. खड्यातच खोट असेल तर ताईला कसं सांगायचं, या विचाराने पोटात गोळा आला. तेवढ्यात मी जरा डावीकडे झुकलो, आणि डागही हलला.

तो डाग म्हणजे मी होतो. मी आणि माझा फोन.

शाळेत घोकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन असं इतक्या वर्षांनी भेटलं. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.42, म्हणजे त्यात उजेड खूपच वाकतो, त्यामुळे क्रांतिक कोन जेमतेम 24 अंशांचा. आतून पैलूवर याहून तिरका आदळलेला उजेड बाहेर न पडता आतच परततो. नीट पैलू पाडलेल्या हिऱ्यात वरून शिरलेला उजेड तळाच्या पैलूंवर आपटून बहुतेक वरच परत येतो. म्हणजे वरून पाहणाऱ्याला दिसतो तो समोरच्या बाजूचा उजेड, आणि समोर मीच आडवा आलो तर अंधार.

यावर मी अतिशहाणपणा केला. चारही बाजूंनी पांढरे कागद उभे केले, वरूनही एक धरला आणि त्याला भोक पाडून त्यातून फोटो काढला. डाग जवळजवळ गेला, पण हिराही गेला! उरली दुधाळ काच. एक पैलू उजळ आणि शेजारचा गडद असला तरच तो चमकतो. सगळेच पांढरे झाले तर चमकायचं कशाच्या तुलनेत? शेवटी बाकीचे कागद काढून टाकले. खिडकीच्या समोरच्या बाजूला एकच पांढरा ठेवला, आणि काळ्या कार्डाची दोन बोटं रुंदीची पट्टी अंगठीच्या कडेला उभी केली. फोन सरळ वरून न धरता तिरका धरला. पट्टी इंचभर सरकवली तरी वेगळाच हिरा दिसायचा. खरा वेळ या सरकवासरकवीतच गेला. चाळीसेक फोटोंतले तीन ठेवले.

संध्याकाळी ताईला दाखवले. तिने झूम करून निरखलं. "छान आलेत रे. पण कडेला ही निळी रेघ कसली?"

मी स्वतःकडे पाहिलं. निळा शर्ट.

दुसऱ्या दिवशी काळा टी-शर्ट घालून पुन्हा खिडकीशी बसलो.