रॉ कशी घडली, कशी चालते आणि तिचं घोडं कुठे अडतं

रॉ या भारताच्या परदेशी गुप्तचर संस्थेच्या नावातला शेवटचा शब्द आधी नीट वाचा. रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस विंग. विंग म्हणजे शाखा, आणि शाखा कुणाची, तर दिल्लीतल्या मंत्रिमंडळ सचिवालयाची. प्रमुखाचं पद ‘सचिव (आर)’ असं लिहिलं जातं. या संस्थेमागे संसदेने केलेला कायदा नाही, ती सरकारी आदेशाने उभी राहिली. गृहमंत्रालयाशी तिचा संबंध नाही आणि संरक्षण मंत्रालयाशीही नाही. प्रमुख थेट पंतप्रधानांना बांधील असतो, रोजच्या कामात राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांमार्फत. रॉची ताकद या रचनेत आहे आणि दुखणंही याच रचनेत आहे.

१९६८ पर्यंत देशाबाहेरची माहिती मिळवण्याचं कामही इंटेलिजन्स ब्युरोकडेच होतं. ब्युरोची मुळं १८८७ मधली, इंग्रजांनी इथल्या राजकीय हालचालींवर नजर ठेवायला उभारलेल्या यंत्रणेतली. देशातल्या चळवळी, सभा, माणसं यांवर पाळत ठेवायची तिची सवय जुनी आणि घट्ट होती. पोलिसी नजर अशीच असते: कोण कुणाला भेटला, काय बोलला. शेजारच्या देशाच्या सैन्याची रचना ओळखायला वेगळीच नजर लागते. पलीकडे कोणती तुकडी कुठे हलली, तिच्याकडे पुल बांधायचं सामान आहे का, दारूगोळा किती दिवस पुरेल, हे विचारायची सवय लागते. १९६२ ला चीनने ही उणीव उघडी पाडली. १९६५ ला पाकिस्तानशी लढताना लष्कराची पुन्हा तीच तक्रार होती, की शत्रूबद्दल नेमकी माहिती हाती आली नाही.

हा काळ आपल्या कोल्हापूर भागातल्या एका माणसाने फार जवळून पाहिला. यशवंतराव चव्हाण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ साली बी.ए. झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं ज्या प्रसंगाबद्दल म्हणतात, त्या नोव्हेंबर १९६२ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले. १९६५ च्या लढाईतही तेच संरक्षणमंत्री होते आणि १९६६ ते १९७० गृहमंत्री. म्हणजे आधी ते माहिती वापरणाऱ्या लष्कराच्या बाजूला होते, नंतर माहिती देणाऱ्या इंटेलिजन्स ब्युरोच्या. ते गृहमंत्री असतानाच ब्युरोची परदेशी शाखा तोडून पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हाताखाली नेली गेली.

ती तारीख २१ सप्टेंबर १९६८. पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव, त्यांचे उजवे हात के. शंकरन नायर, दोघेही ब्युरोतलेच. सुरुवातीची माणसं साधारण २५० आणि वर्षाचा खर्च सुमारे २ कोटी रुपये. पण काव यांच्या हाती निव्वळ कचेरी आली नव्हती. चीनच्या युद्धानंतर उभी राहिलेली दोन हत्यारं त्यांना मिळाली. विमानातून छायाचित्रं आणि रेडिओ संदेश टिपणारं एव्हिएशन रिसर्च सेंटर १९६३ मधलं, त्याचा मोठा तळ ओडिशात कटकजवळ चारबाटियाला. दुसरं म्हणजे स्पेशल फ्रंटियर फोर्स. नोव्हेंबर १९६२ मध्ये तिबेटी जवान घेऊन ते उभं केलं, तळ डेहराडूनच्या वरच्या अंगाला चकराता इथे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात मेजर जनरल सुजानसिंग उबान यांच्या नेतृत्वाखाली हेच जवान चितगावच्या डोंगराळ भागात लढले.

अवघी तीन वर्षं वयाची संस्था १९७१ मध्ये इतकी उपयोगी पडली, याचं कारण मला तरी साधं दिसतं. त्या वर्षी पंतप्रधान, लष्करप्रमुख आणि रॉप्रमुख एकमेकांशी थेट बोलत होते. कागद अडकायला मधे टेबलंच कमी होती.

आता हे काम रोज कसं चालतं ते पाहू. परदेशात वकिलातीत काही अधिकारी राजनैतिक पदाच्या आडोशाने काम करतात. त्यांना १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं संरक्षण असतं. पकडले गेले तर यजमान देश त्यांना नको असलेली व्यक्ती ठरवतो आणि ते बॅगा भरून परत येतात. आडोसा व्यापाऱ्याचा किंवा आणखी कशाचा असेल, तर हे कवच नाही, थेट तुरुंग. अधिकारी स्वतः क्वचितच काही चोरतो. तो माणूस शोधतो, त्याच्या हाताला खरंच काही लागतं का हे तपासतो, हळूहळू जोडतो. मग भेटीची जागा, पैसे, निरोपाचा मार्ग आणि संकटात संपर्क तोडायची खूण ठरते. एक चांगला स्रोत उभा राहायला वर्षं जातात. म्हणूनच १९७७ मध्ये सरकार बदलल्यावर रॉच्या खर्चाला कात्री लागली, त्याची किंमत फार काळ मोजावी लागली. पैसे पुन्हा मंजूर होतात, तुटलेला माणूस परत येत नाही.

आलेल्या बातमीला दोन वेगवेगळे शेरे द्यायची पद्धत जगभर आहे, ती ब्रिटिश नौदलातून आलेली. बातमी देणारा किती भरवशाचा हे ‘ए’ ते ‘एफ’ अक्षरांनी, आणि बातमी स्वतः किती खरी वाटते हे १ ते ६ आकड्यांनी. दोन्ही शेरे स्वतंत्र द्यायचे असतात. उत्तम माणूसही चुकीचं ऐकून येतो, आणि बेभरवशाच्या माणसाच्या हाती कधी खरा कागद लागतो. ‘एफ’ म्हणजे खोटारडा असंही नाही, तो अजून पारखलेला नाही इतकंच.

सगळ्यात फसवी चूक मात्र या शेऱ्यांतही लपते. आपल्या कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला तीन जणांनी ‘उद्या दर चढणार’ असं सांगितलं, तर आपण पक्की बातमी धरतो. पण तिघांनीही ते सकाळी एकाच अडत्याकडून ऐकलेलं असेल, तर बातमी एकच असते. हेरगिरीत असं सतत होतं. एकच स्रोत दोन संस्थांना विकतो, किंवा एका संस्थेचा अहवाल तिसऱ्या देशातून फिरून दुसऱ्या नावाने परत येतो. डेस्कवर बसलेला विश्लेषक ‘दोन ठिकाणांहून दुजोरा’ असं लिहून मोकळा होतो. त्यामुळे विश्लेषकाने आधी मूळ शोधायचं असतं: हे प्रत्यक्ष कुणी पाहिलं, आणि कधी?

कारगिलकडे पाहिलं की हे सगळं एकत्र दिसतं. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, जिथे घराघरातून माणूस फौजेत जातो. तिथे हा विषय पुस्तकातला राहत नाही. कारगिलमध्ये भारताचे ५२७ जवान गेले. २९ जुलै १९९९ ला के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली गेली. तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला. त्यातली दोन उदाहरणं मला फार महत्त्वाची वाटतात.

पहिलं, रॉच्या सहामाही अहवालांचं. सप्टेंबर १९९८ पर्यंतच्या अहवालात पाकिस्तानकडून मर्यादित पण झटपट हल्ल्याची शक्यता नोंदवली होती. मात्र त्याला आधार म्हणून एकही ठोस खूण दिलेली नव्हती. मार्च १९९९ पर्यंतच्या पुढच्या अहवालात तो इशाराच गायब झाला. उलट पैशांच्या चणचणीमुळे पाकिस्तान असं साहस करणार नाही, असा सूर लागला. अंदाज बदलायला हरकत नसते. पण आधीचा अंदाज का सोडला हे लिहिलेलं नसेल, तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

दुसरं त्याहून वाईट. २ जून १९९८ ला इंटेलिजन्स ब्युरोच्या संचालकांनी कारगिलसमोरच्या हालचालींबद्दल स्वतःच्या सहीने पत्र लिहिलं. ते पंतप्रधान, गृहमंत्री, मंत्रिमंडळ सचिव, गृहसचिव आणि लष्कराच्या कारवाई विभागाचे महासंचालक यांना गेलं. ज्यांना ते सगळ्यात आधी हवं होतं ते तिघे यादीत नव्हते: रॉचे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता विभागाचे महासंचालक. वरून खाली झिरपत ते त्यांच्यापर्यंत जाईल, अशी ब्युरोची अपेक्षा होती. त्या वेळी रॉच्या सचिवांकडेच या संयुक्त समितीच्या अध्यक्षपदाचा जादा कार्यभार होता. म्हणजे एकाच माणसाकडे दोन खुर्च्या आणि पत्र एकाही खुर्चीपाशी पोचलं नाही.

आढावा समितीने सर्वात मोठी उणीव म्हणून बोट ठेवलं ते बटालियनांवर. कारगिलसमोर कोणती बटालियन आली, कोणती गेली आणि प्रत्येकीची ओळख काय, याची पक्की नोंद नव्हती. हे काम दिसायला कारकुनी आहे. गणवेशावरच्या खुणा, गाड्यांचे नंबर, रेडिओवरची बोलण्याची ढब, रेशनचा माल कुठे उतरतो, असं एकेक टिपून तक्ता भरायचा आणि दर महिन्याला तो जुन्या तक्त्याशी ताडायचा. तोच तक्ता रिकामा असेल, तर वरचा हुशार विश्लेषकही हातपाय बांधलेला.

त्याच लढाईत रॉने एक मोठं कामही केलं. पाकिस्तानचे लष्करप्रमुख जनरल मुशर्रफ बीजिंगमध्ये होते आणि त्यांचे चीफ ऑफ जनरल स्टाफ लेफ्टनंट जनरल महंमद अझीझ पाकिस्तानात. २६ आणि २९ मे १९९९ चं त्यांचं फोनवरचं बोलणं टिपलं गेलं. घुसखोर म्हणजे मुजाहिदीन, आपले सैनिक नव्हेत, हा पाकिस्तानचा दावा त्याने खोटा पडला. सरकारने ११ जूनला ते जाहीर केलं. राजकीय फायदा मोठा झाला हे मान्य. पण आपण कुठून ऐकतो हे समोरच्याला कळलं की ती वाट तो बुजवणारच. हा सौदा करावा की नाही, यावर माझं मन आजही दोन्हीकडे झुकतं.

कारगिलनंतर २००२ मध्ये डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी आली, २००४ मध्ये तांत्रिक माहितीसाठी एनटीआरओ, म्हणजे नॅशनल टेक्निकल रिसर्च ऑर्गनायझेशन. संस्था वाढल्या म्हणजे टेबलंही वाढली, म्हणून मला कायद्याची गरज जास्त वाटते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने रॉला सूट आहे, अपवाद फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा. खासदारांच्या समितीने बंद दाराआड का होईना जाब विचारावा अशी सोय नाही. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी त्यासाठी खासगी विधेयक मांडलं, ते पुढे सरकलं नाही.

आणि राजारामपुरीतल्या अभ्यासिकांत फिरणाऱ्या ‘रॉ भरती’च्या मेसेजबद्दल. ‘रॉ’ नावाची खुली परीक्षा नसते. वरच्या पदांवर काही अधिकारी संस्थेच्या स्वतःच्या सेवेतले असतात, काही पोलीस आणि इतर सेवांतून येतात. विक्रम सूद तर टपाल सेवेतून येऊन २००० मध्ये प्रमुख झाले. थेट जाहिरात निघते ती बहुधा डेप्युटी फील्ड ऑफिसर (तांत्रिक) पदाची. ती मंत्रिमंडळ सचिवालयाच्या नावाने निघते, त्यात रॉ हा शब्दही नसतो. त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी किंवा विज्ञानाची पदव्युत्तर पदवी आणि गेट या परीक्षेचा गुणांक लागतो, अर्ज टपालाने दिल्लीच्या लोधी रोड पोस्टातल्या पोस्ट बॅगेच्या पत्त्यावर जातो. फी म्हणून गूगल पेवर पैसे मागणारा कुणीही असो, त्याचा नंबर थेट सायबर पोलिसांना द्या.